सार्वजनिक आरोग्याची पदवी ऑनलाइन का नको?

माननीय संपादक,
सादर नमस्कार.

आरोग्याचे शिक्षण मोबाइलवर नको, अशा आशयाचे एका निवृत्त प्राध्यापकांचे पत्र आपल्या अंकात वाचले. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑगस्ट 2025 मध्ये मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न व पोषण, जैवतंत्रज्ञान, आहारशास्त्र असे आरोग्याशी संबंधित अभ्यासक्रम दूरशिक्षणाने आणि ऑनलाइन चालवायला मनाई केली. त्या निर्णयाचे त्यांनी स्वागत केले आहे. तिथवर माझे काही म्हणणे नाही. काचपट्टीवर थुंकीचा नमुना पसरून सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचे जंतू शोधणे कोणी व्हिडिओ बघून शिकला असेल, तर त्याच्या रिपोर्टवर माझा भरवसा बसणार नाही. पण पुढे त्यांनी सार्वजनिक आरोग्यालाही त्याच रांगेत बसवले आणि हा विषय ऑनलाइन शिकणारे पदवी विकत घेतात, असे लिहिले. ते वाक्य मला लागले, कारण त्या शिकणाऱ्यांत मी आहे.

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्य सेविका आहे. दहावीनंतर अठरा महिन्यांचा एएनएमचा, म्हणजे सहायक परिचारिकेचा, कोर्स केला, नोकरी लागली, बारावी नंतर बाहेरून दिली, तीही कला शाखेतून. बीएस्सी नर्सिंगला विज्ञान शाखेची बारावी लागते. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करायचा तर तीन वर्षे नोकरी सोडून वसतिगृहात राहावे लागते. घरी सासूबाई, शाळेत जाणारा मुलगा आणि कर्ज असताना ते जमण्यासारखे नव्हते. एका सहकारी बाईंच्या मुलीकडून अमेरिकेतल्या एका ऑनलाइन विद्यापीठाची माहिती मिळाली. तिथे आरोग्यविज्ञानाची पदवी आहे आणि तिचा बहुतेक भाग सार्वजनिक आरोग्याचा आहे. शिकवणीची फी नाही. प्रत्येक विषयाच्या परीक्षेची फी मात्र आहे, तीही डॉलरमध्ये, त्यामुळे डॉलरचा भाव बघायची सवय मला लागली आहे. सासूबाई म्हणाल्या, "आता ह्या वयात डिग्री घेवन काय कलेक्टर होतलंस गो?" पण परीक्षेच्या दिवशी मुलाला शेजारी नेऊन बसवतात त्याच.

विकत घेतलेली पदवी कशी असते मला ठाऊक नाही. मी घेते आहे तिची रीत अशी आहे. आठवड्याचे वाचन, एक चर्चेचा प्रश्न, एक लेखी काम. वर्गातल्या इतरांचे लेखी काम आपण तपासायचे आणि आपले त्यांनी. मुदत अमेरिकेच्या घड्याळाने संपते, म्हणजे आमच्याकडे सकाळी, नेमकी लसीकरण सत्राची पेटी उचलायच्या वेळेला. पावसाळ्यात वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो, म्हणून मी मुदतीच्या आदल्या संध्याकाळीच काम पाठवून मोकळी होते. काही परीक्षांना देखरेख करणारा माणूस समोर लागतो. आमच्या हायस्कूलचे सर बसले होते, आणि त्यांनी मला पाण्याची बाटलीसुद्धा लेबल काढून ठेवायला लावली!

आता मुद्द्याकडे येते. साथरोगशास्त्राच्या विषयात एक काम होते: आपल्या भागातला एक आजार घ्या आणि तो कोणाला, कुठे, कधी होतो ते मांडा. मी लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, घेतला. आमच्याकडे जुलै ते ऑक्टोबर लेप्टोचेच दिवस. उंदराच्या मुतातून जंतू शेतातल्या पाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून, खरचटलेल्या जागेतून अंगात शिरतात. ताप, डोळे लाल, पोटऱ्या अशा दुखतात की माणूस उभा राहत नाही. शेतात उतरणाऱ्यांना त्या दिवसांत आठवड्यातून एकदा डॉक्सीसायक्लिन 200 मिलिग्रॅम आम्ही घरोघर जाऊन देतो; गरोदर बाया आणि लहान मुले वगळून. हे सगळे मला पाठ होते. नावे, घर क्रमांक वगळून मी जुन्या रजिस्टरातल्या तापाच्या नोंदी आठवड्यांप्रमाणे, वयाप्रमाणे आणि बाई-पुरुष अशा मांडल्या. नावे वगळणे हेही मला त्या अभ्यासक्रमाने बजावले. आमच्याकडे रजिस्टर टेबलावर उघडे पडलेले असते आणि येणारा-जाणारा वाचतो.

मांडल्यावर पुरुष जास्त निघाले. उत्तर सोपे वाटते: नांगरणी, चिखलणी पुरुषांची. पण लावणीला दिवसदिवस चिखलात वाकून असतात त्या बायकाच. मग त्यांचा ताप गेला कुठे? माझी पाहणी वर्गात तपासणाऱ्या एका केनियाच्या मुलीने हाच प्रश्न लिहिला: बायकांना कमी होतो, की बायका कमी येतात? मी आशाताईंना घेऊन वाडीवाडीत विचारत फिरले. लावणी चालू असताना अंग मोडून आले तर दुकानातून तापाची गोळी घ्यायची आणि परत शेतात जायचे, ही रीत. लावणी अर्धवट टाकून बाई केंद्रावर येणार नाही, कारण उद्या बदल्यात माणसे मिळणार नाहीत. पुरुषाला ताप आला तर बायकोच त्याला आणते. तिला कोण आणणार? त्यानंतरच्या पावसाळ्यात आम्ही तापाची चौकशी घरी नाही, तर दुपारी बांधावर भाकरीच्या वेळेला करू लागलो, आणि त्या दुकानदाराला सांगून ठेवले की गोळी नेणाऱ्या बाईचे नाव आशाताईंना कळव. हे मला कोणत्या वर्गात बसून सुचले असते, ते प्राध्यापक महोदयांनी सांगावे.

माकडतापाचे असेच. 1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने, हा विषाणू शोधला. 2015 मध्ये तो गोव्यात सत्तरीत आला आणि 2016 मध्ये आमच्या दोडामार्ग तालुक्यात. गोचीड चावून होणारा हा आजार. काजूच्या हंगामात पाचोळ्यात हात घालून बिया वेचणाऱ्यांना तो गाठतो. ज्यांना होतो त्यांच्यातले शंभरात तीन ते पाच दगावतात. जुनी लस पुरेशी गुणकारी नाही म्हणून बंद झाली. आता हातात उरले आहे ते गोचीड दूर ठेवायला अंगाला लावायचे डेपा तेल, अंगभर कपडे, घरी आल्यावर गरम पाण्याची अंघोळ, आणि मेलेले माकड दिसले तर हात न लावता कळवणे.

बैठकीत आम्हाला नेहमी विचारतात, "तुमच्या गावात किती टक्के लोकांपर्यंत तेल पोचले?" आम्ही गावची लोकसंख्या खाली घालतो आणि टक्के काढतो. जैवसांख्यिकीच्या विषयात शिकले ते हे की छेदात कोण बसले आहे, ते आधी बघायचे. गावच्या लोकसंख्येत मुंबईला असलेली, फक्त शिमग्याला आणि चतुर्थीला येणारी माणसे आहेत, अंथरुणाला खिळलेले म्हातारे आहेत, आणि शाळकरी मुले आहेत. आणि जे खरोखर काजूखाली वाकतात, त्यांतले कितीतरी जण आमच्या यादीतच नाहीत: घाटावरून आणि कर्नाटकातून आलेले मजूर, बागेत झोपडी करून राहणारी नेपाळी कुटुंबे. गावाचे नव्वद टक्के भरले तरी बागेचे वीससुद्धा नसतील. मी बागायतदारांकडून हंगामाची मजुरांची यादी मागायला सुरुवात केली. दोघांनी दिली, बाकीच्यांनी "कशाला, लेबर ऑफिसला कळवायला?" असे विचारले. ती लढाई अजून चालू आहे.

एकात्मिक रोग सर्वेक्षणाचा एस फॉर्म आम्ही उपकेंद्रवाले भरतो, पी फॉर्म वैद्यकीय अधिकारी भरतात, एल फॉर्म प्रयोगशाळेतून जातो. पूर्वी कागदावर आठवड्याला जायचे, आता पोर्टलवर. भरायचे, पाठवायचे, पुढे काय झाले हे विचारायचे नाही, अशी आमच्याकडची रीत. लक्षणांवरून नोंद, डॉक्टरांचा अंदाज आणि प्रयोगशाळेचा दाखला हे तीन थर वेगळे का ठेवले आहेत, हे इतक्या वर्षांत मला एकाही प्रशिक्षणात कोणी सांगितले नव्हते. प्रशिक्षणात जेवण चांगले असते, एवढे मात्र खरे.

अभ्यासक्रमात जग दिसते, हाही एक फायदा आहे. एका आठवड्यात प्रश्न होता, लोकांचा विश्वास गमावल्यामुळे साथीचे काम कुठे फसले? मी 1897 च्या पुण्यातल्या प्लेगबद्दल लिहिले. सोल्जर माजघरापर्यंत शिरले, सामान जाळले, माणसे उचलून छावणीत नेली, आणि 22 जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी 10 मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना स्वतः लागण होऊन गेल्या. त्याच साली आलेला साथरोग कायदा 2020 साली कोरोनाच्या वेळी आपल्याकडे पुन्हा बाहेर काढला, हेही लिहिले. सिएरा लिओनच्या एका वर्गमित्राने उत्तर दिले की इबोलाच्या वेळी त्यांच्याकडे मृतदेह घरच्यांना धुऊ दिले नाहीत, त्यावरून गावेच्या गावे पथकांवर उलटली. पुढे पथकांनी दफनाला घरच्यांना लांब उभे राहून प्रार्थना करू दिली, तेव्हा लोक आजारी माणूस लपवायचे थांबले. कोरोनात आमच्या गावात मुंबईहून आलेल्यांना शाळेत ठेवले होते, तेव्हाची भांडणे मला आठवली. आमच्याकडे ते भांडण जेवण कोणी द्यायचे यावरून सुरू झाले होते.

आता ऑनलाइनमध्ये जे मिळत नाही तेही सांगते, नाही तर प्राध्यापक म्हणतील बाईंना सगळे गोडच लागते. पाण्याचे घ्या. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि मग 785 ने गुणायचे, म्हणजे विहिरीत किती लिटर पाणी आहे ते कळते. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. हे सूत्र पुस्तकात सापडेल. पण कोकणातल्या दमट हवेत ग्रामपंचायतीच्या खोलीत उघडी पडलेली टीसीएलची पिशवी निम्मी मेलेली असते. ते वासावरून आणि ढेकळांवरून ओळखायचे, टाकल्यावर तासाने पाण्यात क्लोरीन उरले आहे का ते बघायची ओटी टेस्ट करायची, आणि पिवळा रंग आला नाही तर जलसुरक्षकाला न दुखावता पुन्हा टाकायला लावायचे. हे मला आमच्या जुन्या आरोग्य सहाय्यकांनी विहिरीच्या कठड्यावर उभे करून शिकवले. अमेरिकेतले शिक्षक ते शिकवू शकत नाहीत आणि मी केलेले तपासूही शकत नाहीत. त्यांच्या लेखी पाणी नळातून येते. पुस्तकातली विम्याची प्रकरणे, त्यांच्या राज्यांचे कायदे हे मी परीक्षेपुरते वाचले आणि सोडून दिले.

आणि सगळे इंग्रजीतून. मी रेटते आहे, पण माझ्यापेक्षा हुशार अशा दोन गटप्रवर्तक आणि एक आशाताई माझ्या ओळखीच्या आहेत, ज्या इंग्रजीला घाबरून मागे फिरल्या. त्यांतली एक गावातल्या प्रत्येक गरोदर बाईची तारीख तोंडपाठ सांगते. तिला एकदा तिच्याच गावच्या आकड्यांचा आलेख काढायला शिकवला असता, तर तालुक्याच्या बैठकीत तिने भल्याभल्यांना गप्प केले असते.

वर्गखोलीचे प्रस्थ आपल्याच राज्यात तरी मानू नये. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावातल्या, काही तर निरक्षर, बायकांना आरोग्याचे काम शिकवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या आरोग्यदूतांना घरच्या घरी नवजात बाळ सांभाळायला शिकवले. बालमृत्यू किती घटले तो निष्कर्ष 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि पुढे देशभरातल्या आशांच्या कामात ती पद्धत आली. त्या बायका वर्गात बसल्या नव्हत्या. त्यांना काम करता करता शिकवणारे आणि शिकवलेले तपासणारे माणूस मात्र जवळ होते. माझा सगळा आग्रह त्या तपासणाऱ्या माणसाचा आहे.

म्हणून माझी सूचना अशी. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून नाशकात आहे, आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठही 1998 पासून नाशकातच आहे. एका कार्यालयातून दुसऱ्यात जायला रिक्षा पुरते. दोघांनी मिळून सार्वजनिक आरोग्याची मराठीतली पदवी काढावी. वाचन, चर्चा, सांख्यिकी ऑनलाइन; आणि विहीर, डासांच्या अळ्यांचे सर्वेक्षण, साथ आल्यावर घरोघरची चौकशी, माहिती गोळा करून तिचा आलेख, हे सगळे विद्यार्थ्याच्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, वैद्यकीय अधिकारी किंवा आरोग्य सहाय्यकांच्या सहीने. सही फुकट होऊ नये म्हणून वर्षातून एकदा जिल्ह्याला तोंडी परीक्षा. परीक्षकाने विद्यार्थ्याचेच रजिस्टर समोर ठेवून प्रश्न विचारावेत. अशी परीक्षा पैसे देऊन पास होता येत नाही. आयोगाचे नियम आड येत असतील तर दोन्ही विद्यापीठांनी आयोगाकडे जाऊन सांगावे की हा विषय शरीराला हात लावून उपचार करण्याचा नाही, आणि ज्यांनी शिकायचे ते आधीच गावात कामावर आहेत. त्यांना तीन वर्षे शहरात बोलावले तर गावात त्या काळात कोणीही नसेल.

बारावी होऊन घरी बसलेल्या मुलांना मात्र मी वेगळे सांगेन. सध्या मोबाइलवर 'घरबसल्या पब्लिक हेल्थ पदवी, परदेशात नोकरी' अशा जाहिराती फिरतात. आमच्याच वाडीतल्या एका मुलाच्या वडिलांनी अशा ठिकाणी पहिला हप्ता भरला आणि नंतर माझ्याकडे विचारायला आले. जिल्हा परिषदेत आरोग्य सेवक व्हायचे तर जाहिरातीत दिलेली शैक्षणिक पात्रता आणि बारा महिन्यांचे बहुउद्देशीय कर्मचाऱ्याचे प्रशिक्षण लागते. नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षकाला त्याची पदविका लागते. ही पदवी त्यांची जागा घेत नाही. भारतातली संस्था असेल तर ती आणि तो अभ्यासक्रम आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या वर्षासाठी आहे का, हे संकेतस्थळावर स्वतः बघावे. तिथे असेल तर आयोगाच्या नियमाप्रमाणे ती पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. परदेशी ऑनलाइन पदवी इथल्या सरकारी नोकरीत चालेल असे कोणी सांगितले तर लेखी मागावे. माझ्या पदवीने मला बढती मिळणार नाही, हे मला प्रवेश देणाऱ्यांनी सांगितले नाही, मी स्वतः आस्थापना विभागात जाऊन विचारल्यावर कळले. तिथल्या बाबूंनी वर असेही विचारले की बढती नाही तर शिकता कशाला.

प्राध्यापक महोदयांना माझा राग नाही. काजूचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो. त्यांना खरोखर बघायचे असेल की हा विषय कुठे शिकला जातो, तर त्यांनी यावे; फक्त पायात बूट, पायमोजात खोचलेली पँट आणि पूर्ण बाह्यांचा सदरा असावा. डेपा तेल मी देईन.

आपली विश्वासू,
एक आरोग्य सेविका,
जि. सिंधुदुर्ग
(सेवेत असल्याने नाव व उपकेंद्र प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)